खेळाडू, कर आणि भाकरी

आपल्या सोनाळ्याहून उत्तरेस सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश लागतो. राज्य बदलते, प्राप्तिकराचा दर मात्र बदलत नाही. घटनेने १९५० साली हा कर केंद्राच्या हाती ठेवला. शेतीच्या उत्पन्नावरील कर तेवढा राज्यांकडे दिला. पगारावर राज्य जो व्यवसाय कर घेते, तोही १९८८ च्या घटनादुरुस्तीपासून वर्षाला २५०० रुपयांहून अधिक घेता येत नाही. एवढ्यासाठी कोणी बिऱ्हाड हलवीत नाही.

युरोपाची गोष्ट निराळी. तेथे देश एकमेकांस लागून आणि दर वेगवेगळे. स्वीडनचा टेनिसपटू बोर्ग मोनॅकोत राहावयास गेला. तेथे प्राप्तिकरच नाही. स्पेनने २००५ साली बाहेरून येणाऱ्या नोकरदारांस सरसकट एकच दर दिला, तर लोकांनी त्या कायद्यास फुटबॉलपटू बेकहॅमचे नाव चिकटवले. पुढे २०१५ साली खेळाडूंची ही सवलत काढून घेतली गेली.

मग आमच्या खेळाडूंनी गाव सोडले नाही काय? सोडले, पण कशासाठी, ते पाहावे. नागपूरचे सी. के. नायडू १९२३ साली इंदूरला गेले, ते होळकरांच्या फौजेत कॅप्टनची जागा मिळाली म्हणून. सांगलीचे विजय हजारे बडोद्याच्या राजाश्रयास गेले. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर महाराष्ट्राकडून १९४८ साली नाबाद ४४३ धावा करूनही पुढे होळकरांकडून आणि रेल्वेकडून खेळले. हेलसिंकीला १९५२ साली कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव १९५५ साली पोलीस खात्यात फौजदार झाले. संस्थाने गेली, तेव्हा रेल्वे, पोलीस, बँका आणि कंपन्या यांनी त्यांची जागा घेतली.

कोणी म्हणेल, १९७३-७४ साली आपल्याकडे वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता, त्याचे काय? तो दोन लाखांवरच्या उत्पन्नास होता. मैदानावरच्या मानधनाने त्या पायरीवर पोचणारा खेळाडू तेव्हा होता कोठे? कोट्यवधींचे बोल २००८ साली आयपीएलबरोबर आले. आणि तेथेही लिलावात संघ खेळाडू निवडतो, खेळाडू शहर निवडीत नाही.

कामगारांत आयुष्य घालविल्याने आम्हांला यात एकच गोष्ट दिसते. शरीर पस्तिशीपर्यंत साथ देते, पोट मात्र साठीनंतरही मागते. म्हणून कबड्डी खेळणारा आपला मुलगा कराचा दर विचारीत नाही. तो विचारतो, नोकरी कायम आहे ना, आणि गुडघा मोडला तर पगार चालू राहील ना? खेळाडू गावात, राज्यात टिकावा असे वाटत असेल, तर आधी या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे.