ट्यूनटूएफएस

ट्यूनटूएफएस : लिनक्सवरील ईएक्सटी-२, ईएक्सटी-३ व ईएक्सटी-४ या फाइल सिस्टिमच्या सेटिंग्जमध्ये, डिस्क नव्याने फॉरमॅट न करता, बदल करणारी आज्ञा. राखीव जागा, डिस्कचे नाव व ओळखक्रमांक, तपासणीची मुदत, बिघाड आढळल्यावर काय करायचे याचा नियम आणि फाइल सिस्टिममधल्या सोयी तिच्याद्वारे बदलता येतात. फाइल सिस्टिम बनवणारी एमकेईटूएफएस आणि ती तपासून दुरुस्त करणारी ईटूएफएससीके या आज्ञा ज्या ईटूएफएसप्रॉग्ज संचात असतात, त्यातच हीही येते. ईएक्सटी-२ ची रचना १९९३ मध्ये पुढे आली. तिच्या कर्त्यांपैकी रेमी कार्ड यांनी ही आज्ञा लिहिली आणि पुढे थिओडोर त्सो यांनी तिची देखभाल केली. नावाची व कल्पनेची पूर्वज म्हणजे १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समधली ट्यूनएफएस.

ही आज्ञा जिथे लिहिते ती जागा म्हणजे सुपरब्लॉक. पार्टिशनच्या सुरुवातीपासून १०२४ बाइट सोडले की पुढचे १०२४ बाइट त्याचे. ब्लॉक किती मोठा, आयनोड (प्रत्येक फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदी) किती, किती ब्लॉक रिकामे, शेवटची तपासणी कधी झाली, कोणत्या सोयी चालू आहेत, ही सारी माहिती त्यात नोंदलेली असते. तो खराब झाला तर फाइली जागच्या जागी असूनही सापडेनाशा होतात, म्हणून त्याच्या प्रती डिस्कवर ठिकठिकाणी ठेवलेल्या असतात. पूर्वी त्या प्रत्येक ब्लॉक-गटात असत. आता साधारणपणे पहिल्या गटात आणि ज्यांचा क्रमांक ३, ५ किंवा ७ चा घात आहे अशा गटांत असतात. एल हा पर्याय दिला की आज्ञा काहीही न बदलता सुपरब्लॉकमधील नोंदी वाचून दाखवते. कोणत्याही बदलाआधी ही यादी काढून दुसऱ्या डिस्कवर जपून ठेवावी.

या आज्ञेचा सर्वांत उपयोगी पर्याय राखीव जागेचा आहे. फाइल सिस्टिम बनवताना ५ टक्के ब्लॉक रूट वापरकर्त्यासाठी राखून ठेवण्याची पद्धत आहे. बाकीच्यांना डिस्क भरल्याचा संदेश आला तरी रूटच्या नावाने चालणाऱ्या सेवा आपल्या लॉग फाइली लिहू शकतात आणि प्रशासकाला लॉगिन करून जागा मोकळी करता येते. दुसरे कारण वेगाचे. डिस्क काठोकाठ भरत आली की सलग रिकामे ब्लॉक मिळेनासे होतात आणि नव्या फाइली तुकड्यातुकड्यांनी लिहिल्या जातात. बर्कलीच्या मार्शल कर्क मॅक्यूसिक व सहकाऱ्यांनी आपल्या फाइल सिस्टिमसाठी याच कारणाने १० टक्के जागा मोकळी ठेवायला सांगितले होते. त्या काळच्या डिस्क मेगाबाइटमध्ये मोजल्या जात. आज ४ टेराबाइटच्या डिस्कवर ५ टक्के म्हणजे २०० गिगाबाइट होतात. डिस्कवर केवळ छायाचित्रे, चित्रफिती किंवा बॅकअप असेल तर हा वाटा १ टक्क्यावर आणण्यात काहीच गैर नाही. हा बदल पार्टिशन वापरात असतानाही होतो. मात्र ज्या पार्टिशनवर लिनक्स स्वतः बसलेले आहे, तिथली राखीव जागा शून्य करू नये. डिस्क भरेल त्या दिवशी तीच प्रशासकाच्या कामी येणार असते.

सोयींचा भाग जास्त जपून हाताळावा लागतो. सुपरब्लॉकमध्ये सोयींच्या खुणांचे तीन वर्ग आहेत. पहिल्या वर्गातली एखादी सोय कर्नलला ओळखीची नसली तरी तो फाइल सिस्टिम नेहमीसारखी वापरतो. दुसऱ्या वर्गातली अनोळखी सोय दिसली तर तो फक्त वाचू देतो, लिहू देत नाही. तिसऱ्या वर्गातली दिसली तर माउंटच करत नाही. जुना कर्नल नव्या रचनेची नासधूस करू नये यासाठीची ही तजवीज आहे, आणि माझ्या मते या सगळ्या घराण्याच्या रचनेतला सर्वांत दूरदर्शी निर्णय तोच. तीस वर्षे एकाच रचनेत भर पडत गेली आणि जुन्या डिस्क निकामी झाल्या नाहीत, त्याचे बरेचसे श्रेय या तीन वर्गांना जाते.

याची मोठी परीक्षा ईएक्सटी-३ च्या वेळी झाली. स्टीफन ट्वीडी यांनी ईएक्सटी-२ ला जर्नलची, म्हणजे बदल आधी टिपून ठेवणाऱ्या नोंदवहीची, जोड दिली. नोव्हेंबर २००१ मध्ये ती लिनक्स २.४.१५ मध्ये दाखल झाली. वीज गेल्यावर पूर्ण डिस्क तपासत बसण्याऐवजी जर्नलमधील अपुरी कामे पुरी केली की भागू लागले. जुन्या डिस्कला जर्नल जोडायला ट्यूनटूएफएसचा जे हा एक पर्याय पुरेसा होता. डेटा दुसरीकडे हलवायची गरज नव्हती. ईएक्सटी-४ कडे जातानाही, २००८ च्या अखेरीस २.६.२८ मध्ये ती स्थिर झाल्यावर, हाच मार्ग खुला राहिला. एक्स्टेंट ही (फाइलचे सलग ब्लॉक एकाच नोंदीत मांडणारी) सोय चालू करायची आणि ईटूएफएससीकेने पूर्ण तपासणी करायची. मात्र पूर्वीच्या फाइली जुन्याच पद्धतीने नोंदलेल्या राहतात, नव्याने लिहिलेल्या तेवढ्या एक्स्टेंटमध्ये जातात. शिवाय एक्स्टेंट तिसऱ्या वर्गातली सोय आहे. ती एकदा चालू केली की ट्यूनटूएफएसने बंद करता येत नाही.

काही बदल वरून क्षुल्लक वाटतात आणि आत खूप काम करवतात. क्लोन केलेल्या डिस्कचा ओळखक्रमांक, म्हणजे यूयूआयडी, मूळ डिस्कसारखाच निघतो आणि दोन्ही एकाच यंत्रात लावल्या की माउंट करताना गोंधळ होतो. म्हणून तो बदलावा लागतो. साध्या फाइल सिस्टिमवर ही सुपरब्लॉकमधली एक नोंद आहे. पण मेटाडेटाचे चेकसम चालू असतील तर ते याच क्रमांकावरून काढलेले असतात. मग फाइल सिस्टिम अनमाउंट करून सगळे चेकसम नव्याने लिहावे लागतात. चेकसमचे बीज वेगळे साठवण्याची सोय नंतर आली, ती याच अडचणीवर.

आयनोडचा आकार वाढवणे हेही असेच भारी काम आहे. जुन्या डिस्कवर आयनोड १२८ बाइटचे असत. त्यात तारीख-वेळेला मिळणारी जागा १९ जानेवारी २०३८ रोजी अपुरी पडते. २५६ बाइटच्या आयनोडमध्ये २४४६ पर्यंतच्या तारखा मावतात. ट्यूनटूएफएस १२८ चे २५६ करू शकते, पण फ्लेक्स-बीजी सोय चालू असेल तर नाही. झेड हा पर्याय दिला तर बदलापूर्वीचे ब्लॉक वेगळ्या फाइलीत उतरवले जातात आणि ईटूअनडू या आज्ञेने ते परत आणता येतात. मात्र काम चालू असताना वीज गेली तर ती फाइल उपयोगी पडत नाही. बॅकअप घेतल्याशिवाय हा बदल करू नये.

डिस्कच्या नावाला १६ बाइट मिळतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रा-अनुस्वार धरून, ३ बाइट घेते. ‘मुंबई’ १५ बाइटांत बसते, पण ‘नागपूर’ला १८ लागतात आणि शेवटचा ‘र’ मधूनच कापला जातो.

नियतकालिक तपासणी पूर्वी ठरावीक माउंटनंतर किंवा १८० दिवसांनी आपोआप होई, ईटूएफएसप्रॉग्जच्या १.४२ आवृत्तीपासून नव्या फाइल सिस्टिमवर ती बंद असते आणि हवी तर ट्यूनटूएफएसने चालू करता येते. बिघाड आढळल्यास काम चालू ठेवणे, फक्त वाचू देणे किंवा यंत्रच थांबवणे यांतला एक पर्याय निवडता येतो. महत्त्वाचा डेटा असेल तर दुसरा निवडावा.

एक्सएफएससाठी एक्सएफएस-ॲडमिन आणि बीटीआरएफएससाठी बीटीआरएफएसट्यून या आज्ञा अशाच कामाच्या आहेत. ब्लॉकचा आकार मात्र ट्यूनटूएफएसने बदलता येत नाही. आयनोडची संख्याही तिच्या हाती नाही. ती फाइल सिस्टिमचा विस्तार केला तरच वाढते. लहान लहान असंख्य फाइली येणार असतील तर त्याचा विचार फाइल सिस्टिम बनवतानाच करावा लागतो. नंतर आयनोड संपले तर डिस्कवर जागा असूनही नवी फाइल तयार होत नाही.