संघयात्रा ते समूह-सहल : एका परंपरेचा प्रवास

दिवाळी सरली, हिशेबाच्या वह्या मिटल्या आणि बाजारपेठेतील गर्दी ओसरली की यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी या गावांतील अनेक घरांत सहलींची रंगीत पत्रके उलटली जाऊ लागतात. कोणी काश्मीरचा विचार करतो, कोणी केरळचा, तर कोणी सिंगापूर किंवा युरोपचा. तिकिटे, निवास, भोजन आणि मार्गदर्शक यांची सर्व जबाबदारी एकाने घ्यावी व बाकीच्यांनी निश्चिंत मनाने त्याच्यासोबत निघावे, ही पद्धत आज सर्वांच्या परिचयाची झाली आहे. ती पाश्चात्त्यांकडून आपल्याकडे आली, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहासाची पाने चाळली असता मात्र निराळेच चित्र दिसते. समूहाने, एका प्रमुखाच्या आधाराने, ठरलेल्या नियमांनी दूरदेशी जाण्याची परंपरा जैन समाजात किमान आठशे वर्षांपासून नोंदलेली आहे. तिचे नाव संघयात्रा. विशेष म्हणजे इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आधुनिक सहलीचे मूळही मौजमजेत नसून एका व्रतातच सापडते.

संघपतीची जबाबदारी

गुजरातेत धोळका येथील वाघेला राज्याचा महामंत्री वस्तुपाल याने इ. स. १२२१ मध्ये शत्रुंजय व गिरनार या तीर्थांची संघयात्रा काढली. तिचे वर्णन करणारी काव्ये त्याच्या काळातच रचली गेली. उदयप्रभसूरींच्या 'धर्माभ्युदय' या काव्याला तर 'संघपतिचरित' असेच दुसरे नाव आहे. यावरून संघपती या पदाची प्रतिष्ठा केवढी होती हे ध्यानात येते. ज्याच्याजवळ वाहन नाही त्याला वाहन, ज्याच्याजवळ शिधा नाही त्याला शिधा आणि जो वाटेत आजारी पडेल त्याला औषधोपचार देणे, हे संघपतीचे कर्तव्य मानले गेले. हाच वस्तुपाल पुढे शत्रुंजयाच्या अखेरच्या यात्रेला निघालेला असताना वाटेतच निवर्तला.

संघाला नियमही होते. पायी चालावे, दिवसातून एकदाच आहार घ्यावा, जमिनीवर निजावे, ब्रह्मचर्य पाळावे, सचित्त वस्तूंचा त्याग करावा आणि सम्यक्त्व धारण करावे, असे हे सहा नियम. त्यांची नावे 'री' या अक्षराने संपतात म्हणून अशा संघाला 'छ'री पालित संघ' म्हणतात. धनिक आणि गरीब एकाच जमिनीवर निजत असल्यामुळे काही दिवसांपुरता तरी दोघांतला भेद गळून पडत असे. यात्रा पूर्ण झाली की संघपतीला माळ घालून गौरविले जाई. संघवी, सिंघवी, संघई ही आजची आडनावे त्या पदाचीच आठवण जपून आहेत.

अशी यात्रा जोखमीची असे. बनारसीदासांनी १६४१ साली लिहिलेल्या 'अर्धकथानक' या आत्मचरित्रात शाहजादा सलीमचे जवाहिरे हीरानंद मुकीम यांनी काढलेल्या सम्मेदशिखराच्या संघाची हकिकत आहे. गावोगावी पत्रे पाठवून लोकांना बोलावण्यात आले होते. बनारसीदासांचे वडील खरगसेन त्या संघात सामील झाले. परतीच्या वाटेवर अनेकजण आजारी पडले, काहींचा मृत्यू झाला आणि खरगसेन स्वतः गंभीर आजारातून कसेबसे वाचले. रोग, चोर, नद्यांचे पूर आणि राज्याराज्यांचे जकातीचे नाके यांतून एकट्यादुकट्याने पार पडणे अशक्यप्राय असल्यामुळेच समूहाची आवश्यकता निर्माण झाली होती.

कारंज्याचा भोज संघवी

ही परंपरा केवळ गुजरात-राजस्थानची नव्हे. विदर्भही तिच्या वाटेवरच होता. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी पूर्ण केलेल्या 'विविधतीर्थकल्प' या ग्रंथात श्रीपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांवर स्वतंत्र प्रकरण आहे. ते श्रीपूर म्हणजे आजच्या वाशीम जिल्ह्यातील शिरपूर. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शीलविजय या मुनींनी दक्षिणेतील तीर्थांचा प्रवास केला आणि आपल्या 'तीर्थमाला' या रचनेत कारंजा नगरीचे वर्णन केले. तेथील बघेरवाल श्रावक भोज संघवी यांच्या औदार्याने ते प्रभावित झाले होते. भोज संघवींनी गिरनारची यात्रा करून तेथे लाखाचे धन वेचले. वाटसरूंसाठी त्यांनी ऋतुमानाप्रमाणे दूध, उसाचा रस आणि वेलचीयुक्त पाणी यांची सोय केली होती, असे शीलविजय सांगतात. ज्याला स्वतः प्रवासाचे कष्ट ठाऊक आहेत, तोच परक्या वाटसरूची तहान ओळखतो, हेच यातून दिसते.

लीस्टरहून सुटलेली आगगाडी

आता थोडे इंग्लंडकडे वळू. ५ जुलै १८४१ रोजी लीस्टर या शहरातून लफबरो या गावी एक खास आगगाडी सुटली. तिच्यात सुमारे ५०० प्रवासी होते आणि जाण्यायेण्याचे भाडे होते एक शिलिंग. ही गाडी ठरविणारे थॉमस कुक हे दारूबंदीचे निष्ठावान कार्यकर्ते होते व प्रवासी निघाले होते दारूबंदीच्या सभेला. कामगारांनी सुट्टीचा दिवस गुत्त्यात न घालवता चार चांगल्या माणसांत घालवावा, ही त्यामागील तळमळ होती. आज जगभर पसरलेल्या सहल-व्यवसायाची सुरुवात या दिवसापासून मानली जाते. म्हणजे तेथेही प्रेरणा होती ती संयमाची.

कुक यांनी हेरलेले व्यापारी तत्त्व सोपे होते. एकटा प्रवासी रेल्वे कंपनीकडे सवलत मागू शकत नाही. पाचशे प्रवाशांची हमी देणारा मात्र भाव ठरवू शकतो. ठोक खरेदीचा हा न्याय कोणत्याही दुकानदाराला समजावून सांगावा लागत नाही. पुढे त्यांनी हॉटेलांची कूपने आणि परदेशात वटणारी पतपत्रे काढली. आपल्या पेढ्यांवरील हुंडीचेच ते भावंड होते. १८६९ मध्ये त्यांनी इजिप्त व पॅलेस्टाइनची आणि १८७२-७३ मध्ये २२२ दिवसांची जगप्रदक्षिणा घडविली. त्या प्रदक्षिणेत भारताचाही समावेश होता. १८८६ ते १८९३ या काळात मुंबईहून जाणाऱ्या हज यात्रेकरूंच्या प्रवासाची व्यवस्था भारत सरकारने याच पेढीकडे सोपविली होती. एवढी जुनी ब्रिटिश कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी कर्जाच्या ओझ्याखाली कोसळली आणि परदेशात अडकलेल्या सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवाशांना तेथील सरकारला परत आणावे लागले. भारतातील त्याच नावाची कंपनी तोपर्यंत वेगळ्या मालकीची झालेली होती, म्हणून तिला ही झळ बसली नाही. ज्याच्या भरवशावर माणसे घर सोडतात, त्याचा ताळेबंद भक्कम असला पाहिजे, हा धडा मात्र सर्वांसाठीच आहे.

योगायोग असा की ज्या लीस्टर शहरातून ती पहिली गाडी सुटली, त्याच शहरात एका जुन्या चर्चच्या वास्तूत जैन मंदिर उभे राहिले आणि १९८८ मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली. आज युरोपला जाणारा जैन प्रवासी तेथे दर्शन घेऊ शकतो.

शकुंतला आणि प्रासंगिक करार

यवतमाळ जिल्ह्यात आगगाडी आली ती कापसासाठी. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या व्यवस्थापनाखाली यवतमाळ ते मूर्तिजापूर हा ११३ किलोमीटरचा अरुंद रूळमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरच्या गिरण्यांकडे नेण्याचा तो मार्ग. लोकांनी त्या गाडीला 'शकुंतला' असे लाडके नाव दिले. व्यापारासाठी घातलेल्या त्या रुळांनी नकळत एक पुण्यकार्यही केले. दारव्ह्यावरून पुढे जाताना वाटेत कारंजा लागे आणि मूर्तिजापूरला गाडी बदलली की दुसरी शाखा अचलपूरला, म्हणजे मुक्तागिरी सिद्धक्षेत्राच्या जवळ पोहोचवी. मूर्तिजापूरलाच मुंबई-नागपूर मुख्य मार्ग मिळत असल्यामुळे तेथून देशातील कोणतेही तीर्थ गाठता येई. १९९४ पर्यंत ही गाडी वाफेच्या इंजिनावर चालली. आता ती बंद आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या रुंद मार्गापैकी वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला.

१९४८ साली एस.टी. सुरू झाली आणि कालांतराने प्रासंगिक करारावर आख्खी गाडी ठरवून तीर्थयात्रेला जाण्याची पद्धत खेडोपाडी रुजली. टपावर भांडी, शिधा व सतरंज्या, आत म्हातारी माणसे आणि लेकरे, वाटेत एखाद्या धर्मशाळेत मुक्काम व सूर्यास्तापूर्वी पंगत. वर्गणीचा हिशेब एका वहीत लिहिला जाई आणि परत आल्यावर तो सर्वांसमोर वाचला जाई. संघयात्रेचे हे छोटे, पण अस्सल रूप होते.

परदेशगमन आणि शुद्ध आहार

समुद्रपर्यटनाची गोष्ट अवघड होती. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी तथा आत्मारामजी महाराज यांना आले. साधुधर्माच्या मर्यादेमुळे त्यांना जाणे शक्य नव्हते. त्यांच्या वतीने वीरचंद राघवजी गांधी हे तरुण श्रावक गेले. परदेशातही त्यांनी शाकाहाराचे आणि आचाराचे नियम सोडले नाहीत. तरीही ते परतल्यावर समाजातील काहींनी त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. आज त्यांच्या कार्याचा सर्वत्र गौरव होतो. देश सोडला म्हणजे धर्म सुटतो असे नाही, हे त्यांनी स्वतःच्या आचरणाने सिद्ध केले.

मराठी माणसाला परदेशाची वाट सुलभ करून देण्यात केसरी पाटील यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी १९८४ मध्ये मुंबईत 'केसरी टूर्स'ची स्थापना केली. त्यांच्या कन्या वीणा पाटील यांनी २०१३ मध्ये 'वीणा वर्ल्ड' सुरू केले. केसरीभाऊंचे २०२५ मध्ये निधन झाले. इंग्रजीची भीती, अनोळखी विमानतळ आणि जेवणाची चिंता या तीन गोष्टी सामान्य कुटुंबाला घरी बसवीत होत्या. मराठी बोलणारा टूर मॅनेजर आणि परिचयाचे जेवण यांनी तो अडसर दूर केला. जैन प्रवाशांसाठी कांदा-लसूण व कंदमुळे वर्ज्य असलेले भोजन आणि सोबत स्वयंपाकी महाराज नेणाऱ्या सहलीही आता नित्याच्या झाल्या आहेत.

यात्रा आणि पर्यटन

प्रवास सोपा झाला, तशी एक नवी चिंताही उभी राहिली. तीर्थ हे सहलीचे ठिकाण होऊ लागले तर काय? २०१९ च्या केंद्रीय अधिसूचनेने सम्मेदशिखराच्या परिसरात पर्यावरण-पर्यटनाला वाव मिळाला. वीस तीर्थंकरांच्या निर्वाणभूमीवर मांस, मद्य आणि गोंगाट येईल या भीतीने देशभरातील जैन समाज रस्त्यावर उतरला आणि ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने तेथील पर्यटनविषयक तरतुदींना स्थगिती दिली. याआधीही समाजाने एकीचे बळ दाखविले होते. पालीताणा संस्थानाने यात्रेकरूंवर कर बसविण्याचा आग्रह धरला, तेव्हा १ एप्रिल १९२६ पासून जैनांनी शत्रुंजयाची यात्राच बंद ठेवली. दोन वर्षांहून अधिक काळ ही तपश्चर्या चालली. अखेर मे १९२८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या मध्यस्थीने, संस्थानाला वार्षिक ६०,००० रुपये देण्याचा ३५ वर्षांचा करार झाला आणि १ जून रोजी यात्रा पुन्हा सुरू झाली. संघाने जाण्यात शक्ती असते, तशीच संघाने न जाण्यातही असते.

परंतु तीर्थाचे पावित्र्य केवळ शासकीय आदेशाने टिकणार नाही. डोंगर चढताना प्लास्टिकच्या बाटल्या टाकणारे, मंदिराच्या पायऱ्यांवर छायाचित्रांसाठी वाट अडविणारे आपलेच लोक असतात. सहा नियमांपैकी सर्वच आज प्रत्येकाला पाळता येणार नाहीत. तथापि निघण्यापूर्वी एखादा नियम घेतला, तर सहलीची यात्रा होण्यास तेवढेही पुरते.

मागे राहिलेल्यांचा विचार

संघ आणि सहल यांच्यातील खरा फरक भाड्यात आहे. सहलीत जो पैसे भरतो तो जातो. संघात जो येऊ इच्छितो त्याला नेले जाई. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये साठ वर्षांवरील गरजू नागरिकांसाठी प्रतिव्यक्ती ३०,००० रुपयांपर्यंत खर्चाची तीर्थदर्शन योजना जाहीर केली, तेव्हा शासनाने एक प्रकारे संघपतीचीच भूमिका स्वीकारली. समाजाने आपली भूमिका विसरावी, असा त्याचा अर्थ नाही. प्रत्येक गावात आयुष्यभर शिखरजीचे नाव घेऊनही ते न पाहिलेली एखादी वृद्ध भगिनी असते, दुकानाच्या गादीवर चाळीस वर्षे काढून कधीच रजा न घेतलेला मुनीम असतो.

चाळीस आसनांची गाडी ठरवून त्यांतील दोन आसने अशांसाठी राखली, तर उरलेल्या अडतीस जणांवर पडणारा जादा भार सुमारे सव्वापाच टक्के होतो. दहा हजारांच्या यात्रेत तो प्रत्येकी सव्वापाचशे रुपयांच्या आसपास येतो. एवढ्या रकमेत अडतीस जणांना संघपती होता येते. वस्तुपालाच्या काळात ते भाग्य एकाच धनिकाला लाभत असे. भोज संघवींनी वाटसरूंसाठी भरून ठेवलेल्या दुधाच्या आणि उसाच्या रसाच्या भांड्यांची आठवण तीनशे वर्षांनंतरही निघते. त्यांच्या दुकानात किती नफा झाला, हे मात्र कोणालाच आठवत नाही.

जय जिनेंद्र!