गाणारी जमीन

माडीवरची फळी पायाखाली करकरू लागली, की घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, ‘सुताराला बोलवा.’ पण जपानात क्योतो शहरी अशी एक करकर आहे, की ती ऐकायला देशोदेशींची माणसं येतात. निजो किल्ल्यातल्या निनोमारू वाड्यात. हा किल्ला तोकुगावा इएयासूनं १६०३ साली बांधला. पुढे १६२६ साली, म्हणजे शिवजन्माच्या चार वर्षं आधी, सम्राटाच्या भेटीसाठी तो वाढवला.

वाड्याच्या लाकडी वाटेवर पाऊल पडलं की पाखरू चिवचिवल्यासारखा आवाज येतो. जपानी लोक तिला उगुइसुबारी म्हणतात. उगुइसु हा आपल्या वटवट्यासारखा लहानसा, मळकट रंगाचा पक्षी. गळा मात्र गोड. गोष्ट अशी सांगतात, की चोरपावलांनी येणाऱ्या मारेकऱ्याची चाहूल लागावी म्हणून मुद्दाम तशी जमीन केली. गोष्ट छान आहे. शाळेत सांगितली तर मुलं हरखून जातील.

पण जरा खाली वाकून पाहू. फळ्या खालून तुळयांना लोखंडी पकडींनी आणि खिळ्यांनी जखडल्या आहेत. लाकूड वर्षानुवर्षं सुकतं, आकसतं; खिळ्याचं भोक सैल होतं. पाय पडला की फळी किंचित दबते, खिळा पकडीवर घासतो, आणि तोच ‘पक्षी’ बोलतो. आपल्या माडीवरही दुसरं काय होतं? जुन्या वाड्यांत कडीपाटावर मातीचा थर असे, त्याच्या वजनानं फळ्या दबून राहत, एवढाच फरक. किल्ल्याची व्यवस्था पाहणारेही आता हेच सांगतात, की हा आवाज झिजेतून आला, मुद्दाम केलेला नव्हे. मला हे पटतं. मग इएयासूच्या पहारेकऱ्यांना या जमिनीनं काही सांगितलंच नसेल, कारण तेव्हा ती नवी नि घट्ट होती!

घरच्या जमिनीला उपाय सोपा: फटीत पाचर ठोकायची, फळी तुळईला स्क्रूनं आवळायची. न्हाणीघरात वर फरशी घालायची असेल तर हे आधीच करावं. मागाहून हात पोचत नाही, आणि हलत्या फळीवरची फरशी तडकते. निजोतही तोच उपाय लागू पडेल, करकर थांबेल. पण मग तिथं ऐकायला कोण जाईल? १८६७ साली याच वाड्यात शेवटच्या तोकुगावा शोगुननं राज्यसत्ता सम्राटाला परत करण्याचा मनोदय सरदारांच्या प्रतिनिधींपुढे मांडला. तोवर फळ्या पुरेशा सैल झाल्या असाव्यात.