सायकलीचा तांबडा दिवा

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तह यांच्याकडे आपली दृष्टि सहज वळते. परंतु रोजच्या वापरांतल्या ज्या क्षुल्लक वस्तु आपल्या हाताखालून जातात, त्यांनाहि इतिहास असतो, आणि पुष्कळदां तो राजवंशांच्या इतिहासापेक्षां अधिक बोधप्रद असतो. सायकलीच्या मागें लावावयाचा तांबडा दिवा ही अशीच एक वस्तु होय. आकार लिंबाएवढा, किंमत बेताची. पण दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत या दिव्यावरून इंग्लंडांत जो वाद माजला, त्याचे पडसाद पार्लमेंटांत आणि न्यायमंदिरांतहि उठले. वाद वरवर दिव्याचा दिसे. खरा प्रश्न निराळाच होता. अंधारांत रस्त्यावर मनुष्य मेला, तर दोष कोणाचा? ज्यानें पाहिलें नाहीं त्याचा, कीं जो दिसला नाहीं त्याचा?

हा वाद समजण्यास प्रथम तेथला अंधार समजला पाहिजे. आपल्याकडे पुण्यास वर्षांतला सर्वांत लहान दिवस सुमारें अकरा तासांचा, आणि सर्वांत मोठा तेरा तासांहून थोडा अधिक. दोहोंत अंतर फार नाहीं, म्हणून हिवाळा आपल्याला थंडीनें जाणवतो, अंधारानें नव्हे. लंडनची गोष्ट वेगळी. तेथें डिसेंबरांत सूर्य सकाळीं आठ वाजून गेल्यावर उगवतो आणि दुपारीं चार वाजण्यापूर्वींच मावळतो. त्यांत धुकें, रिमझिम पाऊस आणि भिजून काळाभोर झालेला रस्ता यांची भर. ज्याची पाळी सकाळीं आठाच्या आंत सुरू होते आणि पांचाच्या सुमारास सुटते, अशा कामकऱ्याला नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत जातांनाहि काळोख आणि येतांनाहि काळोख. आणि हा कामकरी बहुधा सायकलीवर असे. एके काळीं धनिकांच्या मुलांचें खेळणें असलेली ही गाडी पहिल्या महायुद्धानंतर स्वस्त होऊन मजुराच्या दारीं आली. कॉव्हेंट्री, नॉटिंगहॅम यांसारख्या गांवीं कारखान्याचा भोंगा वाजला कीं फाटकांतून सायकलींचा लोंढा बाहेर पडे.

सायकलीला दिवा मात्र त्याच्या पुष्कळ आधीं लाभला होता. पुढचें चाक माणसाच्या छातीएवढें आणि मागचें वीतदीड वीत, अशा उंच सायकलींच्या काळीं तेलाचा दिवा पुढल्या चाकाच्या आऱ्यांमध्यें, आंसाला टांगीत. बर्मिंगहॅमच्या जोसेफ ल्यूकस या कारागिरानें १८८० च्या सुमारास असल्या दिव्यांचा धंदा भरभराटीस आणिला. खडबडीत रस्त्यावर हा दिवा वारंवार विझे. मग खालीं उतरून, वाऱ्याकडे पाठ करून काडी ओढावयाची. १८८५ सालीं स्टार्ली यांची सारख्या चाकांची ‘रोव्हर’ सायकल निघाली, १८८८ सालीं डनलॉप यांनीं हवेची धांव पुढें आणिली, आणि स्वाराचें आसन जमिनीजवळ आलें. तसा दिवाहि आंसावरून निघून हँडलाजवळ येऊन बसला.

त्यानंतर कार्बाइडचें युग आलें. १८९२ सालीं अमेरिकेंत विल्सन यांना विजेच्या भट्टींत कॅल्शियम कार्बाइड करण्याची स्वस्त कृति सांपडली, आणि थोड्याच वर्षांत त्याचे दिवे सायकलीवर चढले. वरच्या डबींत पाणी, खालच्या डबींत कार्बाइडचे खडे. पाण्याचा थेंब थेंब खड्यांवर पडावा, त्यांतून ॲसिटिलीन वायु निघावा आणि तो लहानशा तोटीशीं पेटवावा, अशी ही रचना. तेलाच्या दिव्याच्या पिंवळट मिणमिणीपुढें याची पांढरी ज्योत म्हणजे दुसरा दिवसच वाटे. मात्र खडे संपले कीं राख खरवडून डबी धुवावी लागे, वास उग्र, आणि कडाक्याच्या थंडींत वरचें पाणीच गोठून बसे. पुढें कोरड्या विद्युत्घटांचे, म्हणजे आपण ज्यांना सेल म्हणतों त्यांचे दिवे आले. १९२३ सालीं जर्मनींतील बॉश कंपनीनें चाकावर घांसून फिरणारा डायनॅमो बाजारांत आणिला. १९३६ सालीं नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कारखान्यानें तो चाकाच्या तुंब्यांतच बसविला. डायनॅमोला तेल नको, खडे नकोत; स्वाराच्या पायांतलें बळच त्याचें इंधन. पण स्वार चौकांत थांबला कीं दिवाहि मालवे.

या सर्व दिव्यांचा मुख्य हेतु एकच होता : स्वाराला पुढचा रस्ता दिसावा, आणि पुढून येणाराला स्वार दिसावा. मागें दिवा लावण्याची कल्पना फारशी कोणाच्या मनांत नव्हती, कारण मागून येऊन सायकलीला गांठील असें वेगवान् वाहनच तोंवर रस्त्यावर नव्हतें. त्या काळीं वेगाचा अपराधी सायकलस्वारच होता. १८७९ सालीं ‘टेलर विरुद्ध गुडविन’ या खटल्यांत न्यायाधीशांनीं सायकल हें कायद्याच्या दृष्टीनें ‘वाहन’ ठरविलें, तें बेफाम गाडी हांकल्याबद्दल एका स्वाराला दोषी धरण्यासाठीं. १८८८ च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टानें तोच निर्णय सर्व देशाला लागू केला, आणि सूर्यास्तानंतर एका तासापासून सूर्योदयापूर्वीं एका तासापर्यंत सायकलीला दिवा सक्तीचा केला. त्या कायद्याचा न्याय सरळ होता. जो जोरानें जातो, त्यानें आपल्यापेक्षां हळू जाणाराची काळजी वाहावी. सायकलस्वारांनीं हें बंधन मानलें. इतकेंच नव्हे, तर शेतकऱ्यांच्या बैठ्या गाड्यांनाहि दिवा असावा अशी मागणी त्यांनींच केली, व १९०७ च्या कायद्यानें ती मान्य झाली.

मोटार आली आणि न्यायाचा हा तराजू फिरला. कालचा वेगवान् आज मंद ठरला; ज्यानें इतरांस सांभाळावयाचें, त्यालाच आतां कोणीतरी सांभाळावें अशी पाळी आली. पहिल्या महायुद्धांत नगरांतले दिवे मंद केले गेले, तेव्हां सायकलीच्या मागें तांबडा दिवा लावण्याचा तात्पुरता हुकूम निघाला होता. युद्ध संपल्यावर तो मागें घेण्यांत आला. पुढें मोटारी वाढल्या तशी दिव्याची मागणी पुन्हां उठली. १९२७ च्या कायद्यानें तडजोड काढली : मागें दिवा नसला तरी चालेल, पण रिफ्लेक्टर, म्हणजे प्रकाश परत फेंकणारें तांबडें भिंग, असलें पाहिजे.

ही तडजोड वाटते त्यापेक्षां अर्थपूर्ण होती. रिफ्लेक्टराला स्वतःचा प्रकाश नसतो. मागच्या गाडीचा प्रकाश त्यावर पडेल तेव्हांच तो चमकतो. सायकलस्वारानें भिंग स्वच्छ ठेवावें, मोटारवाल्यानें आपला दिवा नीट ठेवावा आणि समोर पाहावें, अशी ती जबाबदारीची वांटणी होती. परंतु ती टिकावी अशी परिस्थिति राहिली नाहीं. १९३० च्या कायद्यानें मोटारींवरची ताशीं वीस मैलांची जुनी वेगमर्यादा अजिबात काढून टाकली. १९३४ सालीं ब्रिटनच्या रस्त्यांवर ७३४३ माणसें मेलीं. त्यांत सायकलस्वार दीड हजारांवर होते. १९३५ पासून वस्तीच्या भागांत ताशीं तीस मैलांची मर्यादा आली खरी. पण तिच्या जोडीला सायकलीच्या मागें पांढरा पट्टाहि आला, आणि ‘आतां दिवाच हवा’ हा आग्रह वाढत गेला.

त्याला सर्वांत नेटाचा विरोध केला तो १८७८ सालीं स्थापन झालेल्या आणि पुढें सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब या नांवानें प्रसिद्धि पावलेल्या संस्थेनें. सायकलस्वारांच्याच संस्थेनें सायकलस्वाराच्या संरक्षणाला विरोध करावा, हें प्रथमदर्शनीं विचित्र वाटतें. पण तिचा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नव्हता. मागून येणाराला जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यांत थांबतां येईल अशाच वेगानें त्यानें गाडी हांकावी, हा हमरस्त्याचा मूळ धर्म आहे. तांबडा दिवा सक्तीचा झाला कीं मोटारवाला रस्ता पाहावयाचें सोडून तांबडा ठिपका शोधूं लागेल. मग ज्याला दिवाच नाहीं तो पादचारी, रस्त्यांत पडलेला मनुष्य किंवा भटकलेलें जनावर यांचें काय? शिवाय पुढचा दिवा विझला तर स्वाराला तात्काळ कळतें. मागचा विझला तर पत्ताहि लागत नाहीं. आणि तशांत अपघात झाला तर न्यायासनासमोर दोष जिवंत मोटारवाल्याच्या माथीं न येतां मेलेल्या सायकलस्वाराच्या माथीं येईल. १९३४ च्या डिसेंबरांत वाहतूकमंत्री होर-बेलीशा यांनीं लंडनच्या वेस्टर्न ॲव्हेन्यूवर सायकलींचा स्वतंत्र मार्ग उघडला, त्यालाहि या संस्थेचा विरोधच होता. आज बाजूला काढलें, उद्यां रस्त्यावरून घालवून देतील, ही भीति त्यामागें होती.

उलट पक्षाचें म्हणणेंहि केवळ श्रीमंतांची अरेरावी नव्हती. पाऊस पडत आहे, कांचेवरून पाणी ओघळत आहे, समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांनीं डोळे दिपले आहेत, अशा वेळीं काळा कोट घातलेला स्वार सावध हांकणाऱ्यालाहि दिसत नसे. चिखलानें माखलेला रिफ्लेक्टर तर असून नसल्यासारखाच. अपघातांच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें लॉर्ड आल्नेस यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीचा अहवाल १९३९ सालीं बाहेर पडला, तेव्हां हा वाद ऐन रंगांत होता. निकाल लागला, पण युक्तिवादानें नव्हे. तो युद्धानें लाविला.

१ सप्टेंबर १९३९ रोजीं ब्रिटनमध्यें ब्लॅकआउट सुरू झाला. रस्त्यावरचे दिवे मालवले, खिडक्यांना काळे पडदे लागले, मोटारींच्या दिव्यांना झांकणें बसलीं. सायकलीचा पुढचा दिवाहि झांकून मंद करावा लागला, आणि मागचा तांबडा दिवा सक्तीचा झाला. त्या पहिल्याच हिवाळ्यांत सेल इतके दुर्मिळ झाले कीं दुकानांतून लोक रिकाम्या हातांनीं परत येत. १९४० च्या फेब्रुवारीपासून वस्तींतून रात्रीं मोटारींना ताशीं वीस मैलांची मर्यादा घालण्यांत आली. त्याच वर्षीं शरदऋतूंत घड्याळें नेहमींप्रमाणें एक तास मागें घेतलीं गेलीं नाहींत. त्यामुळें भर हिवाळ्यांत लंडनला सूर्य घड्याळाच्या नऊ वाजल्यानंतर उगवूं लागला. संध्याकाळचा प्रकाश तासभर वाढला खरा, पण दारूगोळ्याच्या कारखान्यांत सकाळच्या पाळीला निघालेल्या स्त्रीपुरुषांना तो पूर्वेकडूनच कापून घ्यावा लागला. १९३८ सालीं रस्त्यांवर ६६४८ माणसें मेलीं होतीं. १९४१ सालीं ९१६९ मेलीं. पेट्रोल मोजून मिळत होतें, खासगी मोटारी घटल्या होत्या, तरीहि हा आंकडा वाढला. ब्रिटनच्या रस्त्यांवर एका वर्षांत इतकीं माणसें त्यापूर्वीं किंवा त्यानंतर कधींहि मेलीं नाहींत. अंधाराची खरी किंमत काय, हें दोन्ही पक्षांना या आंकड्यानें शिकविलें. रस्ताच दिसत नसेल तर ‘दिसेल तेवढ्या वेगानें हांका’ हें तत्त्व पाळणार कोण? युद्ध संपतां संपतां, १९४५ सालीं स्वतंत्र कायदा होऊन मागचा तांबडा दिवा कायमचा झाला.

तो कायदा चुकीचा होता असें आज कोणी म्हणणार नाहीं. दिव्यानें माणसें वांचतात. १९४९ सालीं ब्रिटनमधील लोक सायकलींवरून सुमारें चोवीस अब्ज किलोमीटर हिंडले. एवढ्या लोकांना हिवाळ्याच्या काळोखांत दिव्यावांचून सोडणें क्रूरपणाचें झालें असतें. तथापि पराभूत पक्षानें जी भीति बोलून दाखविली होती, तीहि खोटी ठरली नाहीं. पुढें सायकलस्वाराच्या अंगावर चमकणारे पट्टे आले, चकचकीत जाकिटें आलीं, आणि अपघातानंतर ‘त्यानें काय घातलें होतें?’ हा प्रश्न ‘मोटार किती वेगांत होती?’ या प्रश्नाच्या आधीं विचारला जाऊं लागला. दिव्याचें कर्तव्य दुर्बळावर आलें, तें रास्तच. पण त्याबरोबर पाहण्याचें कर्तव्य सबळाच्या खांद्यावरून नकळत थोडें सरकलें.

आपल्याशीं या कथेचा संबंध नाहीं असें वाचकांनीं समजूं नये. पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून सर्वत्र ओळखलें जाई, आणि दिवा नसल्याबद्दल चौकांत पोलिसानें उतरविल्याची आठवण नसलेला जुना पुणेकर विरळा. त्या पोलिसाचा राग करण्याचें कारण नाहीं; तो आपल्या परीनें जीवच राखीत होता. आज मागच्या चाकाशीं लुकलुकणारा दिवा पूर्वींच्या कोणत्याहि दिव्यापेक्षां तेजस्वी, स्वस्त आणि टिकाऊ आहे. तो न लावण्यास कोणालाहि सबब उरलेली नाहीं. पण पहांटे दूध किंवा वर्तमानपत्रें घेऊन निघालेला पोऱ्या, रात्रपाळी करून परतणारा कामकरी, यांच्या मागें तो तांबडा ठिपका दिसला कीं त्याचा अर्थ आपण नीट वाचला पाहिजे. ‘मी येथें आहें’ एवढेंच तो सांगतो. वेग आंवरणें हें काम त्याचें नव्हे. तें मागून येणाराचें आहे, आणि १८८८ सालीं सायकलस्वाराला जो न्याय लाविला गेला, तोच त्याच्यापेक्षां जोरानें जाणाऱ्या प्रत्येकाला आजहि लागू आहे.