असेंबल्ड केमिकल वेपन्स अल्टरनेटिव्ह्ज

असेंबल्ड केमिकल वेपन्स अल्टरनेटिव्ह्ज (संक्षेप: ॲक्वा) हा अमेरिकेच्या संरक्षण विभागाचा एक कार्यक्रम होता. साठवून ठेवलेली रासायनिक अस्त्रे न जाळता नष्ट करण्याच्या पद्धती शोधणे व त्या अमलात आणणे हे त्याचे उद्दिष्ट होते. कोलोराडो राज्यातील प्वेब्लो आणि केंटकी राज्यातील ब्लू ग्रास येथील साठे या कार्यक्रमाखाली नष्ट करण्यात आले. ७ जुलै २०२३ रोजी ब्लू ग्रास येथे सारिन भरलेले शेवटचे एम-५५ रॉकेट निकामी झाले आणि अमेरिकेचा घोषित रासायनिक अस्त्रसाठा संपुष्टात आला.

पार्श्वभूमी

अमेरिकेकडे सुमारे ३०,००० टन रासायनिक युद्धद्रव्ये होती. त्यांत मुख्यतः त्वचा व श्वसनमार्ग भाजून काढणारे मस्टर्ड आणि मज्जासंस्थेवर आघात करणारी सारिन व व्हीएक्स ही द्रव्ये होती. ती नऊ ठिकाणी साठवलेली होती. जुनी अस्त्रे समुद्रात बुडवण्याची पद्धत १९७० नंतर बंद झाली. १९८५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने साठा नष्ट करण्याचा कायदा केला. त्यापूर्वीच लष्कराने भस्मीकरणाची, म्हणजे उच्च तापमानाच्या भट्टीत जाळण्याची, पद्धत निवडली होती. प्रशांत महासागरातील जॉन्स्टन प्रवाळद्वीपावर १९९० मध्ये अशी पहिली पूर्ण क्षमतेची भट्टी सुरू झाली. पुढे युटातील टुएल, अलाबामातील ॲनिस्टन, ओरेगनमधील युमाटिला आणि आर्कान्सामधील पाइन ब्लफ येथेही भट्ट्या उभारण्यात आल्या.

भस्मीकरणास विरोध

साठ्यांच्या आसपास राहणाऱ्या नागरिकांचा मुख्य आक्षेप धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूंवर होता. अपूर्ण ज्वलनामुळे डायॉक्सिनसारखी विषारी संयुगे तयार होऊ शकतात आणि भट्टीत बिघाड झाल्यास युद्धद्रव्य हवेत मिसळू शकते, अशी त्यांची भीती होती. मे २००० मध्ये टुएल येथील धुराड्यातून अल्प प्रमाणात सारिन बाहेर पडले, तेव्हा या भीतीला बळकटी मिळाली. केंटकीतील बेरिया येथील केमिकल वेपन्स वर्किंग ग्रुप या संघटनेने विरोधाला देशव्यापी रूप दिले. तिचे नेते क्रेग विल्यम्स यांना २००६ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

दुसऱ्या बाजूस, योग्य देखरेख असल्यास भस्मीकरण सुरक्षित आहे, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचे मत होते. जुनी अस्त्रे गळू लागतात, त्यामुळे साठवणूक लांबवणे हाच मोठा धोका आहे, असाही युक्तिवाद केला जात असे.

कार्यक्रमाची स्थापना

१९९६ मध्ये काँग्रेसने भस्मीकरणास किमान दोन पर्याय प्रात्यक्षिकाने तपासण्याचा आदेश दिला आणि तोपर्यंत प्वेब्लो व ब्लू ग्रास येथील भट्ट्यांचा निधी रोखला. त्यातून हा कार्यक्रम उभा राहिला. स्थानिक नागरिक, राज्यांचे अधिकारी, लष्कर आणि पर्यावरणवादी यांना एकत्र आणून निवडीचे निकष ठरवण्यात आले. १९९९ व २००० मध्ये सहा तंत्रांची प्रात्यक्षिके झाली. नावातील मूळचा ‘असेसमेंट’ (मूल्यांकन) हा शब्द पुढे बदलून ‘अल्टरनेटिव्ह्ज’ (पर्याय) करण्यात आला.

पर्यायी पद्धती

या पद्धतींचा गाभा उदासीनीकरण हा आहे. अस्त्राची स्फोटके व युद्धद्रव्य यंत्राच्या साहाय्याने वेगळे केले जातात. मस्टर्डचे गरम पाण्याने आणि मज्जाघाती द्रव्यांचे अल्कली द्रावणाने विघटन केले जाते. ज्वलनात वायू सतत बाहेर जात असतो. येथे मात्र द्रव बंद टाकीत राहतो आणि तपासणी झाल्याशिवाय पुढे सोडला जात नाही. उरलेला द्रव मूळ द्रव्याइतका घातक नसला तरी त्यावर दुसरी प्रक्रिया करावीच लागते.

स्फोटके न जोडलेल्या, मोठ्या टाक्यांतील द्रव्यांसाठी हे तंत्र आधीच वापरले गेले होते. मेरिलँडमधील ॲबरडीन येथील मस्टर्ड २००५ पर्यंत आणि इंडियानातील न्यूपोर्ट येथील व्हीएक्स २००८ पर्यंत अशा रीतीने नष्ट करण्यात आले. स्फोटकांसह जुळवलेल्या अस्त्रांचे काम त्याहून अवघड होते.

अंमलबजावणी

प्वेब्लो येथे ७,८०,००० हून अधिक अस्त्रांमध्ये सुमारे २,६०० टन मस्टर्ड होते. उदासीनीकरणानंतर उरलेल्या द्रवातील थायोडायग्लायकॉल जिवाणूंकडून विघटित करण्याची जैवप्रक्रिया तेथे निवडण्यात आली. हा साठा २२ जून २०२३ रोजी संपला.

ब्लू ग्रास येथे सुमारे ५२३ टन मस्टर्ड, सारिन व व्हीएक्स होते. काम जून २०१९ मध्ये सुरू झाले. तेथील अनेक तोफगोळ्यांतील मस्टर्ड घट्ट झाल्याने ते बाहेर काढणे कठीण होते. म्हणून असे गोळे तापवलेल्या बंद स्फोटन कक्षात नष्ट करण्यात आले. उरलेल्या द्रवासाठी उच्च दाब व तापमानाच्या पाण्यात ऑक्सिडीकरण करण्याचे तंत्र ठरले होते. प्रत्यक्षात मात्र ते वापरले गेले नाही आणि द्रव प्रक्रियेसाठी राज्याबाहेर पाठवण्यात आला.

मूल्यमापन

रासायनिक अस्त्र करार २९ एप्रिल १९९७ रोजी अमलात आला. त्याची वाढीव मुदत एप्रिल २०१२ मध्ये संपली, तेव्हा अमेरिकेचा सुमारे ९० टक्के साठा नष्ट झाला होता; उरलेला साठा मुख्यतः या दोन ठिकाणचा होता. पर्याय शोधण्यात आणि नवी संयंत्रे उभारण्यात गेलेला काळ हा विलंबाचा एक भाग होता. दुसरीकडे, धोका पत्करणाऱ्या लोकांना तंत्राच्या निवडीत सहभागी करून घेण्याचे उदाहरण म्हणून या कार्यक्रमाचा उल्लेख केला जातो.

उदासीनीकरणाचा उपयोग अन्यत्रही झाला. २०१४ मध्ये सीरियाचा सुमारे ६०० टन रासायनिक साठा भूमध्य समुद्रात ‘केप रे’ या अमेरिकी जहाजावर याच तत्त्वाने निकामी करण्यात आला. त्यातून उरलेला द्रव जर्मनी व फिनलंड येथे प्रक्रियेसाठी पाठवण्यात आला.