मंदिर उभे असतानाच

ख्रिस्ती मंडळी हेच देवाचे वसतिस्थान, ही कल्पना यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसानंतर (इ. स. ७०) सांत्वनादाखल रूढ झाली, असे मानण्याचा मोह होतो. कालक्रम त्यास अनुकूल नाही. पौलाने करिंथकरांस देवाचे मंदिर म्हटले ते इ. स. ५४ च्या सुमारास. त्या वेळी यरुशलेमात नित्य बली अर्पिले जात होते. कल्पनाही सर्वस्वी नवी नव्हती. मृत समुद्राकाठी कुमरान येथे १९४७ पासून सापडलेल्या लेखांत एक यहुदी पंथ स्वतःस पवित्र गृह समजतो. पण त्याचा रोख यरुशलेमच्या पुरोहितांविरुद्ध होता. पौलाची चिंता निराळी, करिंथच्या मंडळीत पडलेल्या तटांची. मूळ ग्रीकमधील 'तुम्ही' अनेकवचनी आहे, आदरार्थी नव्हे. मंदिर ते सर्वांचे मिळून एकच. म्हणून तट पाडणारा त्याच्या दृष्टीने मंदिरच उद्ध्वस्त करीत होता.