३९,९९० रुपयांचे कोडे

एप्रिल २००७ मध्ये सोनीने भारतात प्लेस्टेशन ३ हा गेम कन्सोल आणला, तेव्हा त्याची किंमत ३९,९९० रुपये होती. २०१३ च्या अखेरीस प्लेस्टेशन ४ ची किंमत जाहीर झाली, तीही ३९,९९०. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ दोन रूपांत आला. त्यातल्या डिस्क ड्राइव्ह नसलेल्या ‘डिजिटल एडिशन’वर पुन्हा तोच आकडा. चौदा वर्षे, तीन पिढ्या, किंमत एकच. अमेरिकेत याच तीन यंत्रांच्या किमती अनुक्रमे ५९९, ३९९ आणि ३९९ डॉलर होत्या. तिकडे दोनशे डॉलर उतरले, इकडे दमडीही नाही. २००७ मध्ये डॉलर एकेचाळीस-बेचाळीस रुपयांच्या घरात होता, २०१३ च्या अखेरीस बासष्टच्या. ५९९ चे तेव्हा सुमारे पंचवीस हजार होत होते, आणि ३९९ चेही नंतर जवळपास तेवढेच. अमेरिकेतली सगळी कपात रुपयाच्या घसरणीत विरून गेली.

तरी प्लेस्टेशन इथे स्वस्त झालाच नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. भांडवली नफा मोजण्यासाठी आयकर खाते जो महागाई निर्देशांक जाहीर करते, तो २००७-०८ साठी १२९ आहे आणि २०२०-२१ साठी ३०१. या मापाने २०२१ मधले ३९,९९० रुपये म्हणजे २००७ मधले सतरा हजारांच्या आसपास. कंपनीने किमतीला हात लावला नाही, पगार आणि इतर भाव वर चढत गेले आणि कन्सोल जागच्या जागी राहून स्वस्त झाला. भारतातली सर्वांत मोठी किंमतकपात ही अशी, कुठलीही जाहिरात न होता झालेली आहे.

पण किंमत हा हिशेबाचा एकच रकाना. दुसरा रकाना पेटीच्या आत असतो, आणि या विवेचनाचा खरा विषय तोच आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कुणालाही ‘कॉस्ट डाऊन’ समजावून सांगावे लागत नाही: भाग तोच, पण धातू कमी, एखादे ऑपरेशन कमी, दोनऐवजी एकच साचा. कन्सोलचे तसेच आहे. फरक इतकाच की इथे कधी कधी भाग ‘तोच’ राहत नाही.

स्वच्छ कपात कशी दिसते ते प्लेस्टेशन २ मध्ये पाहावे. अमेरिकेत तो २००० साली २९९ डॉलरला आला आणि टप्प्याटप्प्याने उतरत एप्रिल २००९ मध्ये ९९ डॉलरवर पोहोचला. चिपवरचे ट्रान्झिस्टर लहान करता आले की सिलिकॉनच्या एका चकतीतून जास्त चिपा निघतात. वीज कमी लागते, उष्णता कमी होते, त्यामुळे पंखा, धातूचे उष्णताशोषक आणि पॉवर सप्लायही लहान करता येतात. प्लेस्टेशन २ चा मुख्य प्रोसेसर आणि चित्र रंगवणारी चिप पुढे एकाच तुकड्यात आली. २००४ च्या स्लिम रूपात हार्ड डिस्क बसवायची जागा मात्र गेली. ती वापरणारे मोजकेच होते, त्यामुळे फारशी ओरड झाली नाही. भारतात या यंत्राचे आयुष्य आणखी लांबले. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा खेळ २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठीच काढला, तेव्हा प्लेस्टेशन ३ बाजारात येऊन दोन वर्षे उलटली होती.

प्लेस्टेशन ३ ची गोष्ट निराळी. आयसप्लाय या संस्थेने २००६ च्या नोव्हेंबरमध्ये तो उघडून हिशेब मांडला, तेव्हा ६० जीबीच्या मॉडेलचा उत्पादनखर्च सुमारे ८४० डॉलर निघाला. विक्री ५९९ ला. प्रत्येक पेटीमागे अडीचशेच्या आसपास तोटा सोसणाऱ्या कंपनीला चिप लहान होईपर्यंत थांबणे शक्य नव्हते. मग कात्री चालली. पहिल्या अमेरिकी आणि जपानी यंत्रांत प्लेस्टेशन २ च्या दोन्ही मुख्य चिपा बसवलेल्या होत्या, म्हणून जुने खेळ सहज चालत. मार्च २००७ च्या युरोपीय यंत्रातून प्रोसेसर काढला, चित्राची चिप ठेवली आणि उरलेले काम सॉफ्टवेअरवर सोपवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या ४० जीबीच्या मॉडेलमध्ये जुन्या खेळांची सोयच नव्हती. मेमरी कार्ड वाचणारे खाचे गेले, चारपैकी दोन यूएसबी गेले, सुपर ऑडिओ सीडीही गेली. किंमत अमेरिकेत ३९९ वर आली. २००९ च्या स्लिमने २९९ चा आकडा गाठला. त्यात प्रोसेसर ४५ नॅनोमीटरचा होता, ही अस्सल कपात. पण त्यातून लिनक्ससारखी दुसरी कार्यप्रणाली बसवण्याची मुभाही गेली. एप्रिल २०१० मध्ये एका अपडेटने ती जुन्या, पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या यंत्रांतूनही काढून घेतली. किंमत उतरवताना सोय काढणे हा व्यवहार आहे. विकून झालेल्या वस्तूतली सोय मागाहून काढणे याला मी कपात म्हणणार नाही.

आतले बदल सर्वांत बारकाईने वाचतो तो जुना माल घेणारा. एक्सबॉक्स ३६० हे त्याचे ठळक उदाहरण. यंत्र तापून तीन लाल दिवे लागत आणि ते बंद पडे. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या बिघाडाची हमी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम खर्ची टाकली. पुढच्या मदरबोर्डांत चिपा लहान होत गेल्या, पण पेटी बाहेरून तशीच. मग संभाजीनगरच्या पैठण गेटच्या दुकानात काय, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय, जाणकार माणूस पेटी न उघडता अडॅप्टर पाहतो: २०३ वॉट म्हणजे सुरुवातीचा बोर्ड, १७५ म्हणजे फाल्कन, १५० म्हणजे जास्पर. जास्परचा पीस जास्त टिकणारा, म्हणून त्याला भाव जास्त. कंपनीच्या किंमतपत्रकात हा भेद कधीच दिसला नाही.

आत काहीही न बदलता निव्वळ बाजाराच्या दडपणाखाली केलेली कपातही असते. निन्टेन्डोचा थ्रीडीएस २०११ मध्ये अमेरिकेत जवळपास २५० डॉलरला आला आणि ऑगस्टमध्ये थेट १७० वर उतरवावा लागला. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला आणि आधी घेतलेल्यांना वीस जुने खेळ फुकट दिले. अशी उदाहरणे थोडी.

आता टीव्हीकडे वळू, कारण कन्सोल एकटा काहीच दाखवत नाही. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना. तोशिबाच्या तांत्रिक सहकार्याने १९८० च्या दशकात सुरू झालेल्या या कंपनीच्या रंगीत टीव्हीने मराठवाड्यातलीच नव्हे, देशभरातली घरे भरली. २००५ मध्ये तिने फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा घेतला, म्हणजे जग सपाट पडद्याकडे निघाले त्याच सुमारास. पुढच्या काळात ट्यूबचे टीव्ही झपाट्याने स्वस्त झाले. ही कपात कारागिरी सुधारल्याची नव्हती, तंत्र संपत आल्याची होती. जून २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली.

कन्सोलच्या आतल्या एका बदलाशी ट्यूबच्या या अखेरीचा थेट संबंध आहे. प्लेस्टेशन २ ची पिवळी-लाल-पांढरी वायर ट्यूबच्या टीव्हीला बसत असे. प्लेस्टेशन ३ लाही ती चाले, पण एचडी पडद्यासाठी बेतलेल्या खेळांतली बारीक अक्षरे त्या काचेवर धड वाचता येत नसत. प्लेस्टेशन ४ मधून ती वायर पूर्णपणे गेली, फक्त एचडीएमआय उरले. कंपनीचे चार सुटे भाग वाचले, आणि ज्याच्या घरी अजून ट्यूबचा टीव्ही होता त्याच्या ३९,९९० मध्ये नव्या टीव्हीची भर पडली.

कराचा हिशेब कोरडा आहे, पण टाळता येत नाही. २०१८ च्या अर्थसंकल्पाने कन्सोलवरचे मूळ सीमाशुल्क १० वरून २० टक्के केले. त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे शंभराच्या मालाचे १२२. त्या वर्षी जीएसटी २८ टक्के होता, म्हणजे जवळपास १५६. १ जानेवारी २०१९ पासून जीएसटी १८ टक्के झाला, म्हणजे सुमारे १४४. चिप कितीही आकसली तरी बंदरावर उतरलेल्या मालावर हा चढ बसतोच.

आणि चिप आता पूर्वीसारखी स्वस्तही होत नाही. प्लेस्टेशन ५ चा प्रोसेसर २०२२ मध्ये ७ वरून ६ नॅनोमीटरवर आला, तरी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतातल्या किमती पाच हजारांनी वाढल्या: ५४,९९० आणि ४४,९९०. नव्या पिढीच्या कारखान्यांचा खर्च इतका वाढला आहे की चिप लहान केली म्हणून प्रत्येक ट्रान्झिस्टर स्वस्त पडेल, याची खात्री उरलेली नाही. कायमच्या कपातीच्या जागी मुदतीची सूट आली. २०२३ मध्ये साडेसात हजारांच्या अशा सवलतीत डिस्कवाला प्लेस्टेशन ५ काही दिवस ४७,४९० ला मिळत होता.

डिजिटल एडिशनचे तेव्हाचे दहा हजार कमी हे मात्र मुदतीचे नव्हते, म्हणून मोहात पाडणारे. त्याचा हिशेब करून पाहावा. मोठ्या नव्या खेळाची डिस्क तेव्हा ४,९९९ ला येत असे. ती संपवून निम्म्या किमतीला विकली तर अडीच हजार परत मिळतात. चार खेळांत दहा हजारांचा फरक फिटला, पाचव्यापासून ड्राइव्ह नसलेले यंत्र महाग पडू लागले. डाउनलोड केलेला खेळ विकता येत नाही, मित्राला देता येत नाही, आणि तो स्वस्त केव्हा करायचा हे फक्त कंपनीचे दुकान ठरवते. वर्षाला एकच खेळ घेणाऱ्याने ड्राइव्ह सोडायला हरकत नाही. आपल्याकडचा बहुतेक खेळगडी तसा नाही, तो डिस्का फिरवत राहणारा आहे. त्याने ड्राइव्हसाठीचे जादा पैसे मोजावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ६९९ डॉलरचा प्लेस्टेशन ५ प्रो बाहेर आला, त्यात ड्राइव्ह नाहीच. हा तेव्हा भारतात आला नाही, आणि कारण किंमत नव्हते. त्याच्या वाय-फाय ७ ला ६ गिगाहर्ट्झचा पट्टा लागतो. भारतात तेव्हा तो पट्टा त्या वापरासाठी खुला नव्हता, असे सोनीने सांगितले. २००७ मध्ये एकेका बाजारासाठी वेगळा बोर्ड काढणाऱ्या कंपनीला इथल्यासाठी एक पट्टा बंद केलेला पीस काढणे तंत्राच्या दृष्टीने फार जड गेले नसते. तेवढ्यासाठी वेगळा माल काढावा इतका खप तिला इथे दिसला नसावा.